मागच्याची थाप

कल्पना करा मुलांनो, विमानाचं दार उघडलंय आणि पुढच्या मित्राचं पॅराशूट तुम्हाला तपासायचंय. पट्टे नीट असले की त्याच्या खांद्यावर थाप मारायची. मागच्याची थाप पडल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. फौजेत इसिडोरला ती थाप श्यामकांतचीच असे. म्हातारपणीही गोराईच्या बोटीत चढताना दोघे तोच खेळ करत आणि इसिडोरची नात फ्रेडा खिदळायची. आज इसिडोर पॅराट्रूपरची तांबडी टोपी घालून शवपेटीत निजला होता. "इथंही पहिला नंबर तुझाच ना रे, लबाडा!" श्यामकांत पुटपुटला. त्याने मित्राच्या कोटाची बटणं तपासली, टोपी सारखी केली. पण थाप मारायला उचललेला हात हवेतच थांबला. झाकण धरलेली माणसं खोळंबली. तेव्हा फ्रेडा श्यामकांतच्या मागे उभी राहिली. तिने त्याची कॉलर तपासली आणि टाचा उंचावून खांद्यावर थाप मारली. मग श्यामकांतची थाप इसिडोरच्या खांद्यावर पडली.