ओठांवरच्या रेषा

"सूनबाई, माझ्यामागे गणपतीच्या आरतीला शंख तूच फुंकायचास. एक दिवसही चुकवू नकोस." मामंजींचा हा शब्द मी बावीस वर्षं पाळला.

मग लेकीच्या, ऋताच्या, लग्नाआधी तिच्याच हट्टाखातर वरच्या ओठावरच्या रेषांसाठी इंजेक्शनं घेतली. आठवड्याभरात रेषा गेल्या, आणि ओठांतली ताकदही. शिरगावच्या देवळात शंखातून नुसती हवा निघाली.

"काय काकू, शंख पंक्चर?" टाळ वाजवणारा समीर हसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधाचा असर ओसरला की ओठ पूर्ववत होतील. दोन-तीन महिने धीर धरा." धीर धरला, पण नेम सोडला नाही. रोज सगळ्यांदेखत हवाच फुंकली.

काल शंख वाजला. समीरचा टाळ क्षणभर थांबला.

आज संध्याकाळी क्लिनिकमधून फोन आला. "मॅडम, रेषा परत दिसायला लागल्या असतील ना? पुढची अपॉइंटमेंट देऊ?"

मी आरशात पाहिलं. एकूण एक रेषा परत आली होती.

"नको गं बाळा," मी म्हटलं. "या रेषा वयाने नाही पडलेल्या, शंखाने पडल्यात. बावीस वर्षं लागली."

आरतीची वेळ झाली होती. शंख पदराखाली घेतला आणि देवळाकडे निघाले.