येतो म्हणावं

"काका, वापरून सीडी अशी झिजत नाही. हा ओरखडा आहे," निमिष म्हणाला आणि त्यानं सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.

लालासाहेबांनी चष्मा पुसून बघितलं. बाकीची सीडी लख्ख होती. कडेजवळ एकाच जागी बारीक रेघोट्या होत्या.

"घरात लहान मूल आहे का?"

"नात हाय. लेकीची."

"मग सापडला चोर!" निमिष हसला.

लालासाहेब हसले नाहीत. नातीला त्यांनी त्यावरून चांगलंच फैलावर घेतलं होतं. तेव्हा बनुबाई मध्ये पडल्या होत्या. "पोरीला बोल लावू नगा, तिनं न्हाई केलं." आजीच ती, नातीची कड घेणारच.

सांगलीतलं हे कॉम्प्युटरचं दुकान त्यांना साताऱ्यातल्या एका दुकानदारानं सुचवलं होतं. त्यानंही सीडीची कॉपी काढून बघितली होती, पण कॉपी त्याच ओरखड्याशी येऊन अडली आणि त्यानं हात टेकले.

"आहे काय हिच्यात?" निमिषनं विचारलं.

"वास्तुशांत. नव्या घराची."

एवढं सांगून भागणार नव्हतं, हे लालासाहेबांनाही कळलं.

"शेवटाला आमचा शिवतेज हाय. फौजेत हुता. सुट्टी संपली, वास्तुशांतीच्याच दिवशी निगाला. फाटकात उभा ऱ्हाऊन आयेला काय तरी बोलतोय, आन् मी पयल्यांदा लावली तवापास्नं थितंच चित्र गोठतंय." ते थांबले. "फुडं बर्फात गेला. कडा कोसळला. पोराचं शेवटचं बोलनं हाय त्ये. मला ऐकायचंय."

निमिषनं खुर्ची पुढं ओढली.

तुम्ही तेव्हा कुठं होता, असं त्यानं विचारलं नाही, हे बरंच झालं. पंगती उठताच लालासाहेब उसाला पाणी द्यायला निघून गेले होते. फौजी बापानं फौजी लेकाला निरोप द्यायला दारात कशाला उभं राहायचं, असा त्यांचा खाक्या होता. तो खाक्या आता त्यांना आतून पोखरत होता.

"माझ्याकडं तीन सॉफ्टवेअर आहेत," निमिष म्हणाला. "पहिलं झटपट कॉपी काढतं, पण ओरखडा लागला की बसकण मारतं. साताऱ्यात तेच झालं असणार. दुसरं खराब जागा सोडून पुढं जातं. फिल्म अडणार नाही, पण तेवढा भाग उडेल."

"म्हंजे बोलनंच जानार."

"हो. तिसरं चिवट आहे. खराब जागी परत परत जातं, मिळेल तेवढं उचलत राहतं. दिवस मोडेल. मिळेल अशी खात्री मात्र नाही."

"त्येच लावा," लालासाहेब म्हणाले. "दिवस ग्येला तर जाऊ द्या. माझं दुसरं काय काम हाय?"

निमिषनं सीडी मऊ फडक्यानं पुसून आत सरकवली. लालासाहेब बाहेरच्या बाकड्यावर बसले. मशीन घरघरायचं, थांबायचं, पुन्हा घरघरायचं. पिशवीतली भाकरी तशीच राहिली.

पिशवीच्या तुटक्या बंदाला बनुबाईंनी सकाळीच पिन टोचून दिली होती. हातातल्या बांगडीत त्यांच्या दोन-तीन पिना कायम लटकलेल्या. काटा काढायला पिन, पदराला पिन, सगळ्या रोगावर एकच औषध.

"जातो गं," म्हणून लालासाहेब निघाले तशा त्या अंगणात धावत आल्या होत्या.

"जातो न्हवं. येतो म्हना आदी."

"बरं बाई, येतो."

अख्खी नोकरी फौजेत गेली, पण त्यांच्या जिभेला हे वळण काही लागलं नव्हतं.

"आन् आवं, कशाला त्ये दुरुस्त करत बसताय? दिसतंय तेवढं बास हाय की."

"तू ऐकलंस गं. मी कुटं ऐकलं?"

"सांगितलंय न्हवं? हसला आन् 'येतो' म्हनला. आनि काय म्हननार?"

लालासाहेबांनी ते शंभरदा ऐकलं होतं. पण बायकोच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि पोराच्या तोंडून ऐकणं वेगळं. तो एक शब्द कानावर पडला, की पोरगं निदान परत यायचं ठरवून निघालं होतं, एवढं तरी उराशी धरता आलं असतं.

उन्हं कलताना निमिष बाहेर आला. त्याच्या हातात दोन सीड्या होत्या.

"आलं, काका. सगळं आलं. एक बघायला, एक कपाटात जपून ठेवा." लालासाहेबांनी त्याचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलेही नाहीत.

विट्याहून गावाकडं जाणारी शेवटची गाडी आता मिळाली नसती, म्हणून सांगलीतच पाहुण्यांकडं मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी दुपारी गावी पोचले. चपला काढता काढताच म्हणाले, "जमलं बग!"

बनुबाई गहू निवडत होत्या. हात थांबला.

"किती काढल्यात?"

"दोन."

त्या सूप बाजूला ठेवून उठल्या.

शिवतेजनंच सुट्टीत आणलेल्या प्लेअरमध्ये लालासाहेबांनी सीडी घातली. होमहवन झालं, पंगती उठल्या. मग शिवतेज उंबऱ्यातून बाहेर आला. खांद्यावर बॅग, चाल थेट बापाची. फाटकाशी थांबला, वळला, त्यानं तोंड उघडलं. चित्र इथंच गोठायचं.

आज गोठलं नाही.

"आये," शिवतेज हसून म्हणाला, "जातो गं."

लालासाहेबांनी वळून बघितलं. बनुबाई खाली मान घालून बांगडीतली पिन सोडवत होत्या.