हळू चालवा

"मध्येच खोकलीस तू. परत म्हणतो. बाबांना सांग, हळू चालवा."

"सांगते रे," आई फोनवर म्हणाली. "जेवून घे आता."

पूर्वी तो हे बाबांनाच सांगायचा. पण ते मोठा माल घेऊन डोंगराकडे गेलेत, तिकडे रेंज नाही, असं आईनं सांगितल्यापासून निरोप तिच्याकडे जायचा.

शाळेत असताना एकदा तो रुसून बसला होता. बाबा ट्रक घेऊन निघाले, तो बोललाच नाही. संध्याकाळी ते पायाला प्लास्टर घालूनच घरी आले. आत्या हसत म्हणाली होती, "लेकानं हळू चालवा म्हटलं नाही, मग दुसरं काय होणार!"

आत्या ते विसरूनही गेली. त्याच्या मनात मात्र ते घर करून बसलं.

आता इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. वाक्य नीट उमटलं नाही असं वाटलं की तो पुन्हा फोन लावायचा. तोंडी परीक्षेतून तो मध्येच उठून फोन करायला बाहेर गेला, तेव्हा परीक्षक भडकले.

"काकांच्या ट्रकला ब्रेक आहेत ना?" रूममेट ढब्बू म्हणाला. "की तुझ्या फोनवरच थांबतो?"

पण रात्री त्याला पुन्हा पुन्हा फोन लावताना पाहून ढब्बूच त्याला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेला.

"तुझ्या वाक्यावर ट्रक चालत नाही," बाई म्हणाल्या. "परीक्षा संपली की एक दिवस फोन करू नकोस. भीती वाटेल. वाटू दे."

शेवटचा पेपर झाला. त्या संध्याकाळी त्यानं फोन ढब्बूकडे दिला. दरदरून घाम फुटला. ढब्बू शेजारी बसून राहिला. हळूहळू घाम सुकला.

सकाळी त्याला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. त्यानं घरी फोन लावला.

"आई, काल मी म्हटलंच नाही! आणि काही झालं नाही. बाबा बरे आहेत ना?"





"पेपर संपले ना सगळे?"

"कालच. का गं?"

"आत्या म्हणाली, परीक्षा होईपर्यंत कळू द्यायचं नाही. तू स्वतःला दोष देशील म्हणून." आईचा आवाज फुटला. "बाबा गेले रे, मागच्या महिन्यात, अपघातात. त्या दिवशी तू म्हणाला होतास, बाळा. आणि ते हळूच चालवत होते."