आभारप्रदर्शन

निवृत्त मुख्याध्यापक गुंजाळसर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि मवाळ माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "सुयोगने 'दुकानं पेटवा' म्हटलं, तेव्हा मी व्यासपीठावरच होतो. मला ते मुळीच पटलं नाही." आरोपी सुयोग त्यांचाच विद्यार्थी होता, आणि त्या भाषणानंतर बाजारपेठेतली तीन दुकानं खरोखरच जळाली होती. बचावाच्या वकिलांनी प्रवरेकाठच्या त्या सभेचा उरलेला व्हिडिओ लावला. त्यात सर आभार मानत होते, मंडपवाल्यांचे, चहावाल्यांचे आणि शेवटी "आपल्या सर्वांच्या मनातलं परखडपणे बोलणाऱ्या सुयोगरावांचे." न्यायाधीश म्हणाले, "आभार मानणं हा गुन्हा नाही. या तुम्ही." सरांना हायसं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली. ते जवळून जाताना सुयोग हळूच म्हणाला, "सर, पटलं न्हवतं तर तवाच शाळेतल्यागत कान धरायचा हुता. मी गप खाली बसलो असतो."