आठवतील तेवढी जनावरं

कंपवातासाठी मेंदूत तार बसवल्यापासून उत्तमसिंगचे हात थरथरायचे थांबले, पण बोलता बोलता शब्द हरवू लागले. तपासणीत डॉक्टर म्हणाले, “काका, एका मिनिटात आठवतील तेवढी जनावरं सांगा.”

दात पाहून जनावराचं वय सांगण्यात वारंगा फाट्यापर्यंत नाव असलेला उत्तमसिंग ‘गाय’ म्हणाला आणि आढ्याकडं बघत बसला.

“पहिले हात थांबत नव्हते, आता तोंड चालून न्हाई राहिलं,” तो शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला आणि स्वतःवरच भडकला. “जिंदगी गुरांमागं गेली, अन् नावं सुचून न्हाई राहिली. बैल हाय मी. निव्वळ गाढव. चिखलात बसलेला रेडा. म्हातारं माकड.”

डॉक्टरांनी घाईनं पेन उचललं. “थांबू नका काका, अजून अर्धं मिनिट आहे.”