वर निखारे, खाली निखारे

"पूड कुठून आली, ते सूनबाईंनी सांगावं," त्र्यंबकभट म्हणाले. पुढ्यात पंचगव्याची वाटी, हातात पळी.

सुमती माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. पूड ज्यांनी आणली ते तिचे यजमान, गुरुदत्त, ओटीवर बसून खांबाकडे बघत होते. परवा ठाण्याच्या कचेरीतून डबा घेऊन आले, तेव्हा असे मुके नव्हते. "साहेबाच्या मडमेनं दिलाय. कोको म्हणतात. कर काहीतरी, उद्या मंडळी यायचीत."

रवा. तूप. गूळ. ती काळी पूड. पातेल्याखाली निखारे, वर ताटली, ताटलीवर निखारे. काकडीचं धोंडस करतात, तसंच.

मंडळी जेवून गेली आणि सकाळी पारनाक्यापर्यंत बोभाटा झाला, की हरिहरपंतांच्या घरी मडमेच्या डब्यातलं रांधलं.

"मला काय ठाऊक कसली पूड," गुरुदत्त खांबाला म्हणाले.

काल भाजत आल्यावर वरून ओलं खोबरं, बदामाचे काप. पुन्हा ताटली. पुन्हा निखारे. धुरानं डोळे नुसते पाझरत होते.

"आम्ही अजाणता खाल्लं," सासरे हरिहरपंत म्हणाले. "आमची स्नानं झाली."

"मामंजी, आपण तिसऱ्यांदा मागून घेतलंत. कडेचं खरपूस वाढ म्हणालात."

"बघा," सासरे भटजींना म्हणाले, "आता सुना आमचे घास मोजणार."

त्र्यंबकभटांनी घसा साफ केला. "अजाणता खाल्लं, त्याला स्नान पुरे. जाणून रांधलं, तिला पंचगव्य. तोवर चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही. मुलाला नाही."

आत पाळण्यात पोर मघापासून रडत होतं. सासूबाई दोरी ओढत होत्या, पण दोरीनं भूक भागत नाही. सुमतीची चोळी भिजली होती.

"भटजी, मी ते चाखलंसुद्धा नाही."

"का बरं?"

"पुरुषांची पानं उठली, तेव्हा उरलं नव्हतं."

"बरंच झालं की मग. पापाचा भार हलका. पण पंचगव्य चुकायचं नाही."

गुरुदत्त खांबाला म्हणाले, "घेऊन टाक म्हणावं. एका पळीचा तर प्रश्न."

सुमती वळली. सगळ्यांना वाटलं, पोराकडे चालली. ती परसात गेली. राखेच्या ढिगाशी ते पातेलं पालथं टाकलं होतं, विटाळलं म्हणून कुणी घासलंही नव्हतं. तिनं ते उचललं आणि थेट ओटीवर आणून ठेवलं. तिघांनी पाय वर घेतले.

"अगं, काय हे," गुरुदत्त म्हणाले. या वेळी तिला म्हणाले.

पातेल्याच्या कडेला खरवड धरली होती. तिनं उलथन्यानं ती खरडली. खर्र, खर्र. करपलेलं खोबरं निघालं, बदामाचा एक काप निघाला. सगळं तिनं तळहातावर घेतलं आणि त्यांच्यासमोर उभ्यानं खाल्लं. सावकाश. बोटंसुद्धा चाटली.

आत पोराचा आवाज बसत चालला होता.

तिनं तोच हात, काळा, उष्टा, भटजींपुढे पसरला.

"आता घाला."