कमरेचा खटला

“हां, तिथंच. दाबा, दाबा,” वकीलसाहेब पालथे पडल्या पडल्या म्हणाले, आणि फिजिओथेरपिस्टबाईंनी नेमके तेव्हाच हात काढून घेतले.

“पुरे आता. आजपासून दाबणं बंद, व्यायाम सुरू.”

साहेबांना हा सरळसरळ अन्याय वाटला. त्यांची कंबर वर्षानुवर्षं दुखत होती आणि घरात तिचा थाट जावयाचा होता. तिला मऊ खुर्ची लागे, गरम पाण्याची पिशवी लागे. तिला त्रास नको म्हणून साहेब पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलत नसत. इथे बाईंचे हात होते, घरी रोज संध्याकाळी बायकोचे. एवढं सुख सोडून घाम कोण गाळणार?

ते कण्हत उठून बसले. सोबत आलेल्या बायकोने खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवले.

“दोन्ही उपचारांची तुलना होऊन जाऊ द्या,” ते म्हणाले. “दाबलं की मला बरं वाटतं. हा झाला पुरावा. व्यायामाच्या बाजूने काय आहे?”

“दाबल्याचा आराम घरी पोचेपर्यंत टिकतो, साहेब. कमरेत ताकद आली तर तुम्हाला माझी गरजच उरणार नाही.” बाईंनी कोपऱ्यातल्या वाळूच्या पिशवीकडे बोट दाखवलं. “गुडघे वाकवून ती उचलायची. हलकीच आहे.”

साहेबांनी पिशवीकडे पाहिलं, मग बायकोकडे. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हे ते ज्युनिअर वकिलांना घसा कोरडा करून सांगत. पण ही साक्षीदार तर घरचीच होती.

“हे असले व्यायाम हिच्यासारख्यांना मानवतात,” ते म्हणाले. “ही दिवसभर वाकते, उचलते, ओढते. हिची कंबर दुखल्याचं कधी ऐकलंय मी? माझा पिंड नाजूक. अगं, दाखव यांना उचलून.”

बायकोने साहेबांची बॅग, कोट आणि पाठीला लावायची उशी बाजूला ठेवली आणि ती वाकली. पिशवी हातात आली, पण तिला वर येता येईना. भिंतीला हात टेकून ती तशीच अर्धवट वाकून राहिली.

“अगं, नीट उचल ना!” हातचा खटला जातोय हे पाहून साहेब खेकसले.

बाईंनी धावत जाऊन पिशवी काढून घेतली आणि तिच्या कमरेवर हात ठेवला. हात नुसता लागताच तिने ओठ घट्ट मिटले. बाईंचा आवाज एकदम खाली आला.

“काकू, कधीपासून दुखतंय हे?”

बायको ओशाळून हसली.

“यांच्या आधीपासून. पण घरात दोघांनीही झोपून कसं चालेल?”